इतिहासाचं हसं होतं म्हणे!

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. परदेशात मुलांच्या वाहिन्यांवर इतिहासाची प्रहसनं करतात, राजेराण्यांचे विदूषक करून ठेवतात आणि आता तेच खूळ आपल्या पोरांच्या मोबाइलवर आलंय, अशी तक्रार. मुलं नुसती खिदळतात, शिकत काही नाहीत. विनोदासाठी वाट्टेल ते खोटं घुसडतात. सगळा भर घाणीवर आणि रक्तावर. थोरामोठ्यांचा आदर धुऊन निघतो. आणि आपल्याकडे तर असलं काही चालायचंच नाही. उदाहरण म्हणून बीबीसीच्या ‘हॉरिबल हिस्टरीज’वर बोट ठेवलंय. लिहिणाऱ्याने त्याचा एक तरी भाग शेवटपर्यंत पाहिला असेल का, याची मला दाट शंका आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेरी डिअरी यांची याच नावाची पुस्तकं इंग्लंडमधल्या मुलांनी 1993 पासून फडशा पाडल्यासारखी वाचली. त्यांवरून 2009 मध्ये सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. पाचसहा नटनट्यांचा ठरलेला संच, मिनिटा-दोन मिनिटांची स्केचेस, म्हणजे छोटी विनोदी प्रहसनं, आणि अधूनमधून गाणी. 2010 च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम स्केच शोचं बक्षीस मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून या मुलांच्या मालिकेने नेलं.

आता एकेक मुद्दा.

मुलं खिदळतात, शिकत नाहीत, हा पहिला. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स या मालिकेत रॅप गातो, की मौजमजा परत आणणारा राजा तो मीच. यावर हसू यायचं तर मौजमजा आधी कुणी बंद केली होती हे कळावंच लागतं. 1642 मध्ये संसदेने नाट्यगृहांना टाळं ठोकलं, 1647 मध्ये नाताळचा सण बंद केला, 1649 मध्ये याच्या बापाचं डोकं उडवलं आणि 1660 मध्ये हा गादीवर परत आला. ही सनावळी नुसती घोकायला लावली तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसली जाते. गाण्यात मात्र तिला कारण मिळतं: लोक इतके कंटाळले होते की ज्याच्या बापाला मारलं त्यालाच बोलावून आणलं. आपल्याकडचं बघा ना. चौथीच्या पुस्तकातला शिवकाळ चाळिशीतल्या माणसालाही प्रसंगांनिशी आठवतो, पण सातवी-आठवीतलं काय आठवतं ते स्वतःलाच विचारा. चौथीत गोष्ट होती, पुढे मुद्दे आले.

दुसरा मुद्दा खोट्याचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आधी मजकुराने न सांगितलेली बाजू. मालिकेचा निवेदक म्हणजे गटारात राहणारा एक बाहुला-उंदीर. त्याचं नाव रॅटस रॅटस, म्हणजे प्लेगच्या कथेतल्या काळ्या उंदराचं शास्त्रीय नाव. पडद्यावर काही अचाट घडलं की हे महाशय पाटी घेऊन उगवतात: हे खरंच घडलं होतं बरं का! आता इथे थट्टा चालू आहे आणि आता इथे माहिती, ही सीमारेषा कार्यक्रम स्वतः आखून देतो. त्यासाठी ग्रेग जेनर यांच्यासारखा इतिहासाचा माणूस सल्लागार म्हणून पहिल्यापासून होता.

तरी चूक झाली. मेरी सीकोल ही जमैकात जन्मलेली, कृष्णवर्णीय वंशाची परिचारिका. क्रिमियन युद्धात तिला सरकारी पथकात घेतलं नाही, तेव्हा ती पदरच्या पैशाने गेली आणि बालाक्लाव्हाजवळ जखमी, आजारी सैनिकांसाठी ठिकाण उभं केलं. मालिकेतल्या एका स्केचमध्ये तिला खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेलच वर्णावरून नाकारते, असं दाखवलं. नाइटिंगेलने स्वतः तसं केल्याचा पुरावा नाही. उलट सीकोलच्याच आत्मकथनात या दोघींची इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला, नाइटिंगेलच्या इस्पितळात, भेट होते, ती रात्रीपुरती जागा मागते आणि ती तिला मिळते. नकार आला तो लंडनमधल्या अधिकाऱ्यांकडून आणि नाइटिंगेलच्या सोबतिणींपैकी एकीकडून, आणि तो रंगामुळे तर नसेल ना, अशी शंका सीकोलने तिथेच लिहून ठेवलीय. म्हणजे वंशभेदाचा प्रश्न खरा, गुन्हेगार मात्र चुकीचा पकडला. तक्रार झाली आणि 2014 मध्ये बीबीसीवर तेव्हा देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने हे स्केच अचूकतेच्या नियमात बसत नाही असा निर्णय दिला.

हे उदाहरण मजकूरवाल्यांच्या बाजूने मोजायचं तर जरूर मोजा. पण त्याचबरोबर हेही विचारा, की आपल्या संध्याकाळच्या ऐतिहासिक मालिकांना असा निर्णय कधी ऐकावा लागतो का? सुरुवातीला बारीक अक्षरांत ‘कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे’ अशी ओळ पळवायची आणि पुढे चारशे भाग राण्यांच्या तोंडी सासू-सुनेचे संवाद घालायचे. ते रडवतात, म्हणून ते इतिहास. हे हसवतात, म्हणून हे खोटं. न्याय अजब आहे!

घाणीचा मुद्दा. हो, आहे घाण. शौचकूप, उवा, प्लेग, मुंडकी, सगळं आहे. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्रीच्या दरबारात राजाच्या शौचकूपाचा मानकरी असायचा. दहा वर्षांचं पोर हे ऐकून गडाबडा लोळतं आणि मग विचारतं, इतकं घाणेरडं काम करायला सरदार तयार कसे व्हायचे? उत्तर इथेच दडलंय. राजाशी रोज एकांतात बोलायला मिळायचं, त्यामुळे हा दरबारातला अत्यंत वजनदार माणूस. कुणाला जहागीर मिळावी, कुणाचा अर्ज पुढे सरकावा, हे त्याच्या शब्दावर हलायचं. आणि हे वजन अंगाशीही यायचं. हेन्री नॉरिस या पदावर होता. 1536 मध्ये राणी ॲन बोलीनशी व्यभिचाराचा आरोप ठेवून त्याचं डोकं उडवलं. सत्ता पदात नसते, राजाच्या जवळ असण्यात असते, हे ‘ट्यूडरकालीन प्रशासन’ असा धडा काढून समजावून बघा.

रोमन सम्राट व्हेस्पेशियनने लघवीवर कर बसवला, तोही याच जातीचा किस्सा. रोमचे परीट कपडे धुवायला ती विकत घ्यायचे, म्हणून कर. कररचना शिकवायला मला तरी यापेक्षा बरं उदाहरण माहीत नाही.

आदराबद्दल फार बोलायची गरज नाही. याच मालिकेत व्हिक्टोरिया राणीला तिचा नोकर एका गाण्यात सांगतो, की बाईसाहेब, तुमचा चहा, साखर, कापूस यातलं काहीच इथलं नाही. 31 जानेवारी 2020 ला, ब्रेक्झिटच्या दिवशी, ती चित्रफीत पुन्हा फिरली तेव्हा तिकडचे देशाभिमानी असेच खवळले होते. ज्या साम्राज्याने आपल्याला दीडशे वर्षं राबवलं त्याच्या अभिमानाला टाचणी लागली म्हणून मराठी पालकाने कशाला कळवळावं?

राहिलं ते ‘आपल्याकडे चालणार नाही’. कुणी सांगितलं दैवतांपासून सुरुवात करा? पेशवाईत ब्राह्मणांना श्रावणातली दक्षिणा वाटली जायची, तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आलेली. पुढे हजारोंची गर्दी व्हायला लागली आणि एकाने दोनदा हात पुढे करू नये म्हणून सगळ्यांना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे बंदिस्त आवारात, आत घेऊन बाहेर पडताना पैसे द्यायची व्यवस्था झाली. दारावरचा कारकून, रांगेतली घासाघीस, ‘मी मघाशी नव्हतो हो’ म्हणणारे शास्त्रीबुवा, सगळं आयतं आहे. आणि पेशवाई बुडाल्यावर याच दक्षिणेच्या पैशातून मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. यात नेमका कुणाचा अपमान होतो, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी सांगावं.