‘शिवाजी@1630’ फोडायला मराठी यावं लागत नाही

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पासवर्डाबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. सल्ला थोडक्यात असा: पासवर्ड आठ अक्षरांचा ठेवा, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह घाला. शब्द मराठी घेऊन इंग्रजी अक्षरांत लिहा, परदेशी हॅकरला मराठी कुठे येतं! असा एकच पक्का पासवर्ड सगळीकडे वापरा. दर तीन महिन्यांनी बदला. कागदावर कधीही लिहू नका. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यावर विसंबून लोक गाफील राहतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी मराठीचा. पासवर्ड फोडणारा माणूस शब्दांचे अर्थ लावत बसत नाही. ते काम प्रोग्रॅम करतो आणि त्याच्या हाताशी आधी चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या याद्या असतात. 2009 साली रॉकयू या अमेरिकन कंपनीकडचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे साठवले होते, त्यामुळे सगळे वाचता आले. त्या यादीत गणेश, कृष्णा, साईराम हे सगळे रोमन अक्षरांत हजर आहेत. त्यानंतर किती कंपन्यांचे पासवर्ड फुटले आणि त्यात आपल्याकडच्या किती लोकांनी देवाचं, गावाचं, गडाचं, मुलीचं नाव टाकलं असेल, याचा विचार करा. प्रोग्रॅमला मराठी शिकवायची गरज नाही, ती आपणच पुरवली आहे.

कॅपिटल आणि चिन्हांचंही तेच. सक्ती केली की बहुतेक जण पहिलं अक्षर कॅपिटल करतात, ‘ए’च्या जागी ‘@’ आणि ‘ओ’च्या जागी शून्य टाकतात आणि शेवटी 123 किंवा एखादं साल जोडतात. फोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमके हेच बदल नियम म्हणून भरलेले असतात. ही सक्ती जगभर पसरली ती मुख्यतः अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शक सूचनांमुळे. त्या लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने सूचना बदलल्या: अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदलायला लावणंही नको. आपल्याकडच्या कित्येक वेबसाइट अजून 2003 मध्येच आहेत.

आता आठ अक्षरांचा हिशेब. कीबोर्डवरची 95 चिन्हं घेऊन अगदी सोडतीने आठ निवडली, तरी एकूण शक्यता सुमारे 66 लाख अब्ज. आकडा प्रचंड वाटतो. पण वेबसाइटने पासवर्ड सांकेतिक रूपात, पण जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवले असतील आणि ते चोरीला गेले असतील, तर ग्राफिक्स कार्डांवर सेकंदाला 100 अब्ज प्रयत्न सहज होतात. म्हणजे अठरा-एकोणीस तासांत सगळ्या शक्यता संपल्या.

लांबी हवी आणि निवड आपल्या मनाची नको. घरी करण्यासारखी एक पद्धत सांगतो. सहाशे पानी मराठी शब्दकोश घ्या. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, आकडा लिहा, परत टाका, डबा हलवा. तीन आकड्यांनी पान ठरतं, चौथ्याने पानावरचा कितवा शब्द (शून्य म्हणजे दहावा). सहाशेच्या पुढचं किंवा शून्य पान आलं तर पुन्हा काढा. समजा आले: विळी, कंदील, तह, उंबर, नकाशा, मीठ. हे सहा शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप करा. वरच्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला चौदा हजारांहून जास्त वर्षं लागतात. पाच शब्दांना मात्र अडीच वर्षंही लागत नाहीत, म्हणून सहा घ्या. शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका, तिथेच सोडत बिघडते. आवडता अभंग, म्हण किंवा घोषणाही नको, कारण ते शब्द एकामागून एक येतात हे आधीच माहीत असतं. ‘आ’साठी एक ‘ए’ की दोन, हे एकदाच ठरवून टाका. विळी आणि कंदील घेऊन कुणी तहासाठी उंबराखाली बसलंय आणि नकाशावर मीठ टाकतंय, असं चित्र मनात रंगवलं की चार दिवसांत पाठ होतं. (हाच पासवर्ड कृपया वापरू नका.)

‘सगळीकडे एकच’ हा या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला. एका ठिकाणचा पासवर्ड फुटला की तोच इमेल आणि तोच पासवर्ड शेकडो वेबसाइटांवर आपोआप लावून पाहिला जातो. लोकांच्या फाइली इंटरनेटवर साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचं खातं 2012 मध्ये अशाच, दुसरीकडून चोरीला गेलेल्या पासवर्डाने उघडलं गेलं होतं. कंपनी संगणकांचीच, तरीही. पन्नास खात्यांचे पन्नास पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. ते पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाच्या कुलपात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, सांभाळू द्या, सहा शब्द त्याच्या किल्लीसाठी ठेवा. त्याचा आणखी एक फायदा: बँकेच्या नावाने आलेली लिंक बनावट असेल, तर वेबसाइटचा पत्ता जुळत नाही म्हणून मॅनेजर पासवर्ड भरतच नाही.

तीन महिन्यांनी बदलायला लावलं की लोक ‘मार्च’चं ‘जून’ करतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे मोजलं. जुना पासवर्ड हाती असेल, तर 17 टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. बदलायचा तो कारण असेल तेव्हा, पण तेव्हा लगेच. परीक्षेचे आणि प्रवेशाचे फॉर्म सायबर कॅफेतून भरून घेणाऱ्या मुलामुलींना हे विशेष सांगायचंय. तिथे बहुतेक वेळा फॉर्म भरणाराच पासवर्ड टाकतो, तुमचं नाव आणि @123, आणि स्वतःच्या वहीत उतरवून ठेवतो. घरी आल्याबरोबर तो बदला.

राहिला कागद. आईने डायरीत लिहिलेला पासवर्ड रशियातल्या चोराला दिसत नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी 2005 मध्येच सांगितलं होतं की अवघड पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा, मोलाचे कागद सांभाळण्याची सवय आपल्याला असतेच. ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवू नका, एटीएम कार्डासोबत पिन ठेवू नका. पण घरातल्या कपाटात, दागिन्यांच्या आणि एफडीच्या पावत्यांशेजारी एक वही जरूर असू द्या आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.