सुगंधी निद्रानाश

आपल्याला झोप लागत नाही, असे माणसाने एकदा घरात बोलून दाखवले की त्यानंतर त्याला निवांतपणे जागेही राहता येत नाही. निवृत्तीनंतर माझी झोप उडाल्याचे जाहीर होताच आईने दुधात जायफळ उगाळून दिले, पत्नीने दुपारचा चहा बंद केला, शेजाऱ्यांनी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याचा सल्ला दिला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने एक खोके पाठवले. त्यात विजेवर चालणारे एक पांढरे यंत्र आणि लॅव्हेंडर, निलगिरी व वाळा यांच्या तेलांच्या तीन इवल्याशा बाटल्या होत्या. यंत्राची तबकडी इतक्या वेगाने थरथरते की पाण्याचे बारीक तुषार होऊन ते सुगंधासह खोलीभर पसरतात, असे कन्येने फोनवर समजावून सांगितले. आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि एवढ्याशा तेलात आपल्या वेणीचा शेंडाही भिजणार नाही, असा अभिप्राय दिला. ही तेले वनस्पतींतून बहुधा वाफेच्या साहाय्याने काढलेले तीव्र अर्क असतात, शुद्ध तेलाचा थेंब कागदावर टाकला तर सहसा तेलकट डाग न ठेवता उडून जातो आणि ते खोबरेलासारख्या साध्या तेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावायचे नसते, हे मी तिला सांगितले. ‘‘म्हणजे तेल घ्यायचं आणि त्यात घालायला पुन्हा तेल आणायचं,’’ असे म्हणून ती शेंगाची चटणी कुटायला निघून गेली.

या उपचाराचा इतिहास मात्र रोचक आहे. रेने-मॉरिस गात्फोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे हात 1910 मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात भाजले, त्या जखमांवर त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले आणि पुढे 1937 मध्ये आपल्या पुस्तकातून या पद्धतीला ‘अरोमाथेरपी’ हे नाव मिळवून दिले. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही द्रव्ये मनाला शांत करतात, असे मानले जाते. काही छोट्या चाचण्यांत झोप थोडीफार सुधारल्याचे आढळलेही आहे. परंतु कोणाला खरे तेल दिले आणि कोणाला नुसते पाणी, हे नाकापासून लपवणे अवघड असल्यामुळे, तेलाचा गुण किती आणि विश्वासाचा किती, याची वाटणी नीट करता येत नाही. मला त्या वाटणीशी कर्तव्य नव्हते. दोघांपैकी कोणीही झोपवले असते तरी चालले असते.

अडचण सोलापूरची होती. यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात दारे-खिडक्या लावाव्यात, खोलीत गारवा व शांतता असावी आणि मन रिकामे ठेवावे, असे म्हटले होते. इतके सगळे जुळून येत असेल त्या माणसाला तेलाची गरजच काय, हा प्रश्न मला पडला, पण तो मी कन्येला विचारला नाही. एप्रिलमध्ये दिवसा पारा बेचाळीसवर जातो तेव्हा आमच्या स्लॅबच्या घरातल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असतात. अशा वेळी खिडकी लावली तर माणूस वाफवून निघतो आणि उघडली तर सुगंध बाहेर जाऊन मागच्या यंत्रमागांची खडखड आत येते. एके सकाळी कारखानदार शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारले, ‘‘काय ओ सर, फिनेल बदललं का? रात्री लई भारी वास येत होता.’’

त्यांचा काही दोष नव्हता. नाकातून निघणारे संदेश मेंदूच्या ज्या भागांकडे फारसा वळसा न घेता पोहोचतात, त्याच भागांचा भावना आणि आठवणींशी जवळचा संबंध असतो. त्यामुळे कोणता वास कोणाला शांत करील, हे पुष्कळसे त्याच्या पूर्वायुष्यावर ठरते. लॅव्हेंडरच्या जांभळ्या शेतांत ज्याचे बालपण गेले असेल, त्याला त्या वासाने आजी आठवत असेल. मला इस्पितळाची नुकतीच पुसलेली फरशी आठवे आणि आता आपला नंबर पुकारतील या धास्तीने मी टक्क जागा होई. निलगिरीचे तेल घातले तेव्हा सर्दी कोणाला झाली, याची घरभर चौकशी झाली. वाळ्याच्या बाटलीची किंमत ऐकून तर आई बराच वेळ काही बोललीच नाही. दर उन्हाळ्यात ती वाळ्याची जुडी माठात सोडते आणि आम्ही तोच सुगंध गटागटा पीत आलो आहोत. त्या दिवसापासून तिने यंत्राचे नाव ‘धुपाटणं’ ठेवले. तेल आणि तूप दोन्ही करून झाल्यावर हाती ते आले असल्याने मला हरकत घेता आली नाही.

आणि मग एका रात्री मला झोप लागली. लॅव्हेंडरने लागली, की आधीच्या रात्रींच्या थकव्याने, ते सांगता येणार नाही. पण लागली ती अशी की सकाळी जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरले होते आणि फाटकाशी निम्मी गल्ली उभी होती.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ते काही दिवसांआड येते आणि पुष्कळदा अपरात्री येते. मी जागाच असल्यामुळे नळाची पहिली गुरगुर मला ऐकू येई, मी आमची मोटार सुरू करी आणि मग घरोघरी फोन करून सर्वांना उठवी. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की माझ्या भरवशावर अख्खी गल्ली घोरत असे. त्या रात्री पाणी दीड वाजता आले आणि साडेतीनला गेले. ‘‘काय ओ सर, उठवलं नाही?’’ शेजारी रिकामी घागर हातात घेऊन अत्यंत दुःखी स्वरात म्हणाले. मला झोप लागली होती, हे कारण मी सांगितले तेव्हा एकानेही अभिनंदन केले नाही.

आता पाण्याचा अंदाज असलेल्या रात्री यंत्राची वायर पत्नीच्या कपाटात कुलूपबंद असते. पाणी येऊन गेले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्वतःच आठवण करते, ‘‘आज लाव की रे तुझं धुपाटणं, आज काय पाणी यायचं नाही.’’