साडेसात हजार डॉलर कोणाच्या हाती पडले?

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळातील एका मैत्रिणीचा फोन आला. तिने सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि ७,५०० डॉलरची करसवलत डीलरने तिथल्या तिथे किमतीतून वजा करून दिली होती. "पैसे तर मिळाले, मग आता टॅक्स रिटर्नमध्ये पुन्हा काही लिहायचे असते का?" असा तिचा प्रश्न होता. लिहायचे असते. तिला उत्तर देता देता गेल्या तीन वर्षांत या सवलतीच्या निमित्ताने पाहिलेले बरेच काही आठवले, आणि ते एकदा नीट मांडावे असे वाटले. मी कर सल्लागार नाही. घरचे रिटर्न स्वतः भरते आणि न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांना भरायला मदत करते, एवढाच माझा अधिकार.

आधी माझे मत सांगते. गाडी घेणाऱ्याला सरकारला खरोखर पैसे द्यायचे असतील, तर ते खरेदीच्या वेळी किमतीतून वजा करून द्यावेत आणि पात्रता सिद्ध करण्याचा भार कारखानदारावर व डीलरवर टाकावा, कारण पात्रतेची माहिती त्यांच्याच हातात असते. अमेरिकेच्या संघीय सरकारने हे केले, पण फार उशिरा केले आणि पावणेदोन वर्षांत सगळी योजनाच बंद केली.

ही सवलत कायद्यात आली २००८ साली. आधीच्या नियमांनुसार बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे २,५०० ते ७,५०० डॉलर मिळत, आणि एखाद्या कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या की त्या कंपनीच्या गाड्यांवरची सवलत टप्प्याटप्प्याने संपत असे. टेस्लाची सवलत २०१९ च्या अखेरीस संपली, जनरल मोटर्सची मार्च २०२० मध्ये. नंतर १६ ऑगस्ट २०२२ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. दोन लाखांची मर्यादा गेली, पण तिच्या जागी अटींची एक लांबलचक साखळी आली. गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली असावी, किंमत ठरावीक मर्यादेत असावी, घेणाऱ्याचे उत्पन्न मर्यादेत असावे, आणि एप्रिल २०२३ पासून बॅटरीतील खनिजे व सुटे भाग कोणत्या देशांतून आले यावर निम्मी-निम्मी, म्हणजे ३,७५० अधिक ३,७५० डॉलर, सवलत अवलंबून राहिली.

यांपैकी जुळणीचे ठिकाण तेवढे सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. पुढच्या काचेच्या खाली, चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, सतरा अक्षर-अंकांची एक बारीक पट्टी असते. तिची सुरुवात १, ४, ५ किंवा ७ ने झाली तर गाडी अमेरिकेतली, २ असेल तर कॅनडातली आणि ३ असेल तर मेक्सिकोतली. खिडकीवर चिकटवलेल्या किमतीच्या कागदावरही अंतिम जुळणीचे ठिकाण छापलेले असते. मे २०२४ मध्ये आम्ही गाडी पाहायला गेलो, तेव्हा मी वाकून ती पट्टी वाचली आणि पहिला अंक ३ दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पण बॅटरीतले लिथियम कुठल्या खाणीतून आले, ते कुठे शुद्ध झाले, हे मी कुठल्या काचेतून वाचायचे? त्यासाठी कंपनीने सरकारला दिलेल्या शब्दावर आणि सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीवर भरवसा ठेवावा लागे, आणि खनिजांचे व भागांचे आवश्यक प्रमाण वर्षागणिक वाढत असल्यामुळे ती यादी बदलत राही. डिसेंबरमध्ये पात्र असलेली गाडी जानेवारीत अपात्र ठरू शकत होती, गाडीत काडीचाही फरक पडलेला नसताना.

किमतीच्या अटीचेही तसेच. एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअप यांना ८०,००० डॉलरची मर्यादा, बाकीच्या गाड्यांना ५५,००० ची. २०२३ च्या जानेवारीत टेस्लाची मॉडेल वाय पाच आसनांची असेल तर साधी मोटार आणि सात आसनांची असेल तर एसयूव्ही, असे वर्गीकरण होते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्या, पण एक पात्र आणि दुसरी किमतीमुळे बाद. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने वर्गीकरणाची पद्धत बदलली आणि तो बदल वर्षाच्या सुरुवातीपासून लागू केला. ते योग्यच झाले, पण मधल्या महिन्यात जे हताश होऊन परत फिरले, त्यांना गेलेली संधी कोण भरून देणार?

उत्पन्नाच्या अटीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांचा गोंधळ मी इथेच सर्वांत जास्त पाहिला. पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर ३ लाख डॉलर, कुटुंबप्रमुख म्हणून भरणाऱ्याला सव्वादोन लाख आणि एकट्याला दीड लाख, अशा मर्यादा होत्या. आपल्यापैकी पुष्कळजण पगाराचा आकडा पाहून "आपण बसतो" असे म्हणत. पण मोजायचे असते ते काही ठरावीक वजावटी जाऊन उरलेले सगळे उत्पन्न, आणि त्यात भारतातलेही सगळे धरावे लागते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी इथे ते उत्पन्नच आहे. कंपनीने दिलेले शेअर्स त्या वर्षी हाती आले असतील तर तेही आले, आणि कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडेही आले.

एका परिचित जोडप्याने २०२४ मध्ये पुण्यातला स्वतःचा जुना फ्लॅट विकला. नफ्याची रक्कम मिळवल्यावर त्यांचे उत्पन्न ३ लाखांच्या बरेच पुढे गेले आणि आता सवलत मिळणार नाही म्हणून त्यांनी गाडीचा विचार सोडून दिला होता. प्रत्यक्षात नियम असा होता की गाडी ताब्यात घेतली ते वर्ष आणि त्याच्या आधीचे वर्ष, या दोहोंपैकी एका वर्षीचे उत्पन्न मर्यादेत असले तरी पुरे. त्यांचे २०२३ चे उत्पन्न मर्यादेच्या आत होते. त्यांना मी तो नियम दाखवला, २०२३ चे रिटर्न आणि २०२४ चा अंदाजी हिशेब शेजारी ठेवून आम्ही आकडे पडताळले, आणि त्यांनी गाडी घेतली. हा नियम चांगला होता. आयुष्यात एखाद्या वर्षी घर विकले जाते, म्हणून माणूस कायमचा श्रीमंत होत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. पण या नियमाची माहिती त्यांना एकाही डीलरने दिली नव्हती.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो तिच्याकडे वळते. २०२३ च्या अखेरपर्यंत ही सवलत फक्त रिटर्नमधूनच घेता येत होती आणि ती परताव्याच्या स्वरूपाची नव्हती. म्हणजे तुमचा वर्षाचा कर जेवढा, तेवढीच सवलत. उरलेली रक्कम बुडाली, पुढच्या वर्षी नेण्याचीही सोय नाही. माझ्या कार्यालयातील एक सहकारी दोन मुलांना एकटीने वाढवते. तिने २०२३ मध्ये नवी गाडी घेतली. तिचा त्या वर्षीचा कर २,९०० डॉलरच्या आसपास होता, त्यामुळे ७,५०० पैकी साडेचार हजारांहून अधिक तिला मिळालेच नाहीत. त्याच वर्षी पावणेतीन लाख कमावणाऱ्या कुटुंबाला पूर्ण ७,५०० मिळाले. ज्याला गरज जास्त त्याला कमी आणि ज्याला गरज कमी त्याला पूर्ण, असा हा हिशेब पंधरा वर्षे चालला आणि त्याला हवामानासाठी दिलेली मदत म्हटले गेले. मला हे तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

१ जानेवारी २०२४ पासून सवलत डीलरच्या नावे करून देऊन किंमत तिथल्या तिथे कमी करून घेण्याची सोय झाली. घेणाऱ्याचा कर कमी असला तरी पूर्ण रक्कम मिळू लागली आणि कर कमी होता म्हणून ती परत करण्याची गरज उरली नाही. परत करावी लागे ती मुख्यतः दोन्ही वर्षांचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर. जुन्या गाडीलाही हेच लागू झाले. २५,००० डॉलरपर्यंतची गाडी डीलरकडून घेतल्यास किमतीच्या ३० टक्के, जास्तीत जास्त ४,००० डॉलर. या संपूर्ण कायद्यात मला सर्वांत न्याय्य वाटलेली तरतूद हीच.

मग आमच्या बाबतीत काय झाले? डीलरच्या माणसाने आम्हाला सांगितले, "आम्ही ती पद्धत सुरू केलेली नाही, पुढच्या वर्षी रिटर्न भरताना तुम्हीच सवलत मागा." आम्ही विश्वास ठेवला. न्यू जर्सीचा विक्रीकर तेव्हा इलेक्ट्रिक गाडीला पूर्ण माफ होता, ती सूट बिलातच दिसत होती, त्यामुळे बाकीचेही सुरळीत होईल असे वाटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी रिटर्न पाठवले आणि ते नाकारले गेले. कारण असे की २०२४ पासून डीलरने सरकारी पोर्टलवर नोंदणी करून विक्रीनंतर तीन दिवसांच्या आत त्या गाडीचा अहवाल भरायचा होता आणि त्याची प्रत आम्हाला द्यायची होती. आमच्या डीलरने नोंदणीच केली नव्हती. आमची गाडी पात्र, किंमत मर्यादेत, उत्पन्न मर्यादेत; फक्त तिचा सतरा अक्षरांचा क्रमांक कर खात्याच्या नोंदीत नव्हता.

त्यानंतरचे दोन महिने मी फोन करण्यात घालवले. डीलर म्हणे, खात्याला विचारा. खाते म्हणे, डीलरला विचारा. कर्जाच्या मुद्दलात भरायचे म्हणून ठरवलेले ७,५०० डॉलर हातात नव्हते आणि त्या रकमेवरचे व्याज मात्र दरमहा जात होते. आमच्यासारखे अडकलेले देशभर होते. त्यांनी आवाज उठवल्यावर खात्याने २०२४ च्या विक्रीचे राहून गेलेले अहवाल भरण्याची वाट डीलरना खुली करून दिली, आमच्या डीलरने शेवटी नोंदणी केली आणि मे महिन्यात पैसे आले. आम्हाला मिळाले, म्हणून मी आज शांतपणे लिहू शकते. पण ज्यांच्या डीलरने दाद दिली नाही किंवा दुकानच बंद केले, त्यांचा दोष काय होता? अहवाल भरणे डीलरचे काम होते आणि न भरल्याचा फटका मात्र ग्राहकाला बसला. ही रचनाच चुकीची होती.

लीजबद्दलही, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीबद्दलही, सांगायला हवे. लीजवर दिलेल्या गाडीची सवलत व्यावसायिक वाहनांच्या वेगळ्या कलमाखाली लीज कंपनीला मिळत असे आणि तिथे जुळणीची, खनिजांची किंवा ग्राहकाच्या उत्पन्नाची अट नव्हती. त्यामुळे ज्यांचे उत्पन्न मर्यादेबाहेर, त्यांनी परदेशात बनलेली गाडी लीजवर घेतली आणि कंपनीने मेहेरबानी केली तर ७,५०० डॉलर हप्त्यांतून कमी झाले. त्यांनी काही बेकायदा केले नाही. पण पुढच्या दाराला सात कुलपे आणि मागचे दार सताड उघडे, अशी व्यवस्था पाहिली की नियम प्रामाणिकपणे पाळणाऱ्याला वाईट वाटतेच.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने नवी, जुनी आणि लीजची, तिन्ही सवलती ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीसाठी बंद केल्या. त्या तारखेपर्यंत लेखी करार करून काही रक्कम भरली असेल, तर गाडी नंतर ताब्यात आली तरी चालेल, असा खुलासा खात्याने केला. आता उरली आहे ती गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची वजावट. २०२८ पर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर, फक्त नव्या गाडीला, आणि तीही अंतिम जुळणी अमेरिकेतच झालेली असेल तर. पेट्रोलच्या गाडीलाही ती मिळते, आणि आमच्यासारखी ३ ने सुरू होणारी इलेक्ट्रिक गाडी मात्र तिच्यात बसत नाही. शिवाय ही उत्पन्नातून वजावट आहे, करातून नाही, म्हणजे २२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला शंभर डॉलर व्याजामागे बावीस डॉलर वाचतील.

नाशिकच्या माझ्या भावाला मी हे सांगत होते, तेव्हा त्याने भारतातल्या ८०ईईबी कलमाची आठवण करून दिली. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट, तीही जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच. म्हणजे कर्ज घेऊ शकणारा आणि चांगला कर भरणारा असा दोन्ही असेल, त्यालाच फायदा. रोखीने स्कूटर घेणाऱ्या दुकानदाराला काही नाही. याउलट महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन करात दिलेली माफी नोंदणीच्या वेळीच मिळते, त्यासाठी वर्षभर थांबावे लागत नाही. देश वेगळे असले तरी कोणाच्या हाती काय पडते, याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच निघतो.

तर त्या मैत्रिणीला मी जे सांगितले, ते २०२५ मध्ये गाडी घेतलेल्या सर्वांसाठी इथे लिहिते. सवलत डीलरने किमतीतून वजा केली असली तरी रिटर्नसोबत फॉर्म ८९३६ आणि त्याचे परिशिष्ट भरावेच लागते. २०२५ च्या रिटर्नची नेहमीची मुदत १५ एप्रिल २०२६. डीलरने दिलेला विक्रीचा अहवाल घरातल्या कागदांत आहे का, हे आजच पाहा. त्यावरचा सतरा अक्षरांचा क्रमांक काचेखालच्या पट्टीशी एकेक अक्षर जुळवून पाहा, आणि अहवाल नसेल तर डीलरकडे फोनवर न मागता लेखी मागा. कोणाला कागद वाचायला मदत हवी असेल, तर शनिवारी सकाळी मी घरीच असते. येताना २०२४ चे रिटर्नही सोबत आणा, म्हणजे दोन्ही वर्षांचे उत्पन्न तिथेच तपासता येईल.