दीड लाख डॉलर फुकट मिळतात? संदेश पुढे ढकलण्याआधी हे वाचा

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींमध्ये एक संदेश फिरतोय: ‘पहिल्या पिढीच्या लोकांना घर घ्यायला सरकार दीड लाख डॉलर फुकट देतं. पैसा बेकायदा आलेल्यांकडे जातो, कर आपण भरायचा, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला काही नाही.’ योजना खरी आहे. तिचं नाव ‘ड्रीम फॉर ऑल’. बाकी जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

‘फुकट’. नाही, हे कर्ज आहे. राज्याची गृहवित्त संस्था घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत, पण दीड लाखाच्या मर्यादेत, डाउन पेमेंटला रक्कम देते. त्यावर महिन्याचा हप्ता नाही. मात्र घर विकलं किंवा रिफायनान्स केलं, म्हणजे जुनं गृहकर्ज फेडून नवं घेतलं, की मुद्दल परत करायचं आणि वाढलेल्या किमतीतला वाटाही द्यायचा. समजा घर साडेसात लाखांचं आहे आणि त्यात राज्याचे दीड लाख आहेत. पुढे ते साडेनऊ लाखांना विकलं, तर वाढ दोन लाखांची. तिचे 20 टक्के म्हणजे 40 हजार. एकूण 1 लाख 90 हजार राज्याकडे परत जातात, पुढच्या कुणाच्या तरी डाउन पेमेंटसाठी. याला फुकट म्हणायचं, तर भिशीही फुकटच म्हणावी लागेल.

‘बेकायदा आलेल्यांना’. कागदपत्रं नसलेल्यांनाही अर्ज करू द्यावा असं विधेयक 2024 साली विधिमंडळात मंजूर झालं होतं, क्रमांक 1840. राज्यपाल न्यूसम यांनी सप्टेंबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला, त्यामुळे ते कायदा झालंच नाही. विधेयक मंजूर झाल्याची बातमी लोकांनी पाठवली, ते फेटाळल्याची पाठवली नाही.

आता सगळ्या गोंधळाचं मूळ: ‘पहिली पिढी’. आपण इथे हा शब्द देश सोडून आलेल्यांसाठी वापरतो, म्हणून ही देशांतरितांची योजना वाटते. इथे मोजली जाते ती घरमालकीची पिढी. 2024 च्या नियमांनुसार अर्जदाराच्या नावावर गेल्या सात वर्षांत अमेरिकेत घर नसावं आणि त्याच्या आईवडिलांच्या नावावरही अमेरिकेत घर नसावं. आईवडील हयात नसतील, तर मृत्यूच्या वेळी नसावं. लहानपणी कधीही सरकारी देखरेखीत (फॉस्टर केअरमध्ये) राहिलेल्यांनाही यात धरलं आहे. ‘अमेरिकेत’ हा शब्द नीट वाचा. तुमच्या आईबाबांचा कोथरूडला फ्लॅट असेल, तरी तुम्ही पहिल्या पिढीचेच. ग्रीन कार्ड चालतं. एच-1बी व्हिसा मात्र पात्र दर्जांच्या यादीत नाही, तेवढी निराशा खरी आहे.

ही अट सुरुवातीपासून नव्हती. मार्च 2023 मध्ये पहिली फेरी उघडली आणि सुमारे 30 कोटी डॉलर 11 दिवसांत संपले. ज्यांची कागदपत्रं तयार होती, बँकेत ओळख होती, ते पुढे गेले. म्हणून पुढच्या वर्षी पहिल्या पिढीची अट आणि सोडत आली.

‘आमच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून इथे घर घेतलं, त्याची शिक्षा मुलांना का?’ हा प्रश्न मनापासूनचा आहे आणि मला तो समजतो. पण घरमालकाच्या मुलाला डाउन पेमेंटला हातभार मिळू शकतो, अडीनडीला छप्पर मिळतं, पुढे वारसा मिळतो. ज्याच्या घरात कधी घरच नव्हतं, त्याच्याकडे यातलं काही नसतं, आणि त्यात दर वेळी आळसाचा दोष नसतो. 1913 च्या कॅलिफोर्निया कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्यांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी केली. 1923 साली भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्या रांगेत बसवलं. काळ्या कुटुंबांना सरकारी हमीच्या गृहकर्जांपासून कित्येक दशकं दूर ठेवलं गेलं. जमीन नाकारली की वारसाही नाकारला जातो.

एक आक्षेप मात्र मी मान्य करते: या पैशाने एकही नवं घर बांधलं जात नाही. सुमारे चार कोटींच्या राज्यात एका फेरीत दोन हजारांच्या आसपास कुटुंबांना मदत होते. घरांची टंचाई त्याने मिटणार नाही.

पण ग्रीन कार्ड असलेली, वर्षानुवर्षं भाड्याने राहणारी कुटुंबं हा संदेश वाचून ‘हे आपल्यासाठी नाहीच’ म्हणत अर्जही करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या काउंटीची उत्पन्नमर्यादा तपासा, योजना देणाऱ्या कर्जदात्याकडून पूर्वमंजुरीचं पत्र घ्या आणि नोंदणी उघडेल तेव्हा सोडतीत नाव घाला.