“ई ची कावीळ साधीच असते, टेस्ट कशाला?” या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, चारही ठिकाणी खाली हात जोडलेले आणि “खूप उपयुक्त माहिती”. थोडक्यात असा आहे: हिपॅटायटिस ई म्हणजे साधी कावीळ, आपोआप जाते. औषधच नाही तर टेस्ट करून पैसे घालवू नका, डोळे पिवळे दिसले की समजायचं. पाणी स्वच्छ दिसत असेल, फिल्टरचं असेल तर भीती नाही. पेशंटला हात लावू नका, वेगळ्या खोलीत ठेवा. हिपॅटायटिसची लस झाली असेल तर निश्चिंत राहा. गरोदर बाईलाही वेगळा धोका नाही. आणि झाडपाल्याच्या औषधाने तीन दिवसांत उतरते.

मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण कावीळवाल्यांची सॅम्पल्स रोज हातातून जातात. त्यात वैताग असा की हा मेसेज पूर्ण खोटा नाही. पूर्ण खोटा असता तर बरं झालं असतं, लोकांनी हसून सोडून दिला असता. ह्यात एक खरं वाक्य आहे आणि त्याच्या जोरावर बाकीची सगळी खपतात.

पाण्यापासून सुरू करते कारण मुळात हा आजार पाण्याचा आहे. आजारी माणसाच्या शौचातून व्हायरस बाहेर पडतो, तो सांडपाण्यात जातो, सांडपाणी कुठेतरी पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि ते आपण पितो, आपल्याकडे मुख्य रस्ता हाच. “स्वच्छ दिसतं” याला इथे शून्य किंमत आहे. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरपासून १९५६ च्या जानेवारीपर्यंत काविळीची जी साथ आली ती मला या विषयावरची सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. यमुनेच्या पुरानंतर प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं घाण पाणी वजीराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथेच येऊन मिसळलं. प्लांटवरच्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं, त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं, आणि खरंच टायफॉइड-जुलाबाची साथ आली नाही. म्हणजे बॅक्टेरियाचा हिशोब बरोबर जमला. पण नंतर सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी कोणाला ई माहीतच नव्हता, सगळ्यांना वाटलं ही नेहमीची, आज जिला आपण ए म्हणतो ती. त्या साथीतलं रक्त जपून ठेवलेलं होतं, पुढे टेस्ट आल्यावर तपासलं तर ए नाही आणि बी पण नाही. तिसरंच काहीतरी होतं.

आता फिल्टर. किती जणांना माहीत असतं की आपल्या फिल्टरची भोकं केवढी आहेत? बॅक्टेरिया अडवणारे चांगले फिल्टर ०.२ मायक्रॉनचे असतात, म्हणजे २०० नॅनोमीटर, आणि हा व्हायरस ३० नॅनोमीटरच्या आसपास. कापडाने गाळलेलं पाणी, कँडलचा फिल्टर, माठाखाली ठेवलेलं सुंदर चकचकीत पाणी, या सगळ्यातून तो आरामात जातो. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या (उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं), झाकून थंड करा, आणि ते परत न उकळलेल्या पाण्याच्या भांड्यात ओतू नका, हे शेवटचं लोक हमखास करतात. क्लोरीन काम करतं पण गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्च होतं आणि व्हायरससाठी उरत नाही. टाकीवर किती टाकलं हे विचारून उपयोग नाही, नळाला किती उरलं ते विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की नळापाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. आणि जिथे पाणी दिवसातून ठराविक वेळच येतं तिथे पाणी बंद असताना रिकाम्या पाइपमध्ये ओढ तयार होते, शेजारची गटारलाइन गळत असेल तर ती घाण फटीतून आत खेचली जाते. प्लांटवरचा रिपोर्ट एकदम ओके आणि गल्लीत वीस घरांत कावीळ, हे असं होतं.

ह्याच्याच पोटात एक चूक आहे जी मेसेजमध्ये नाहीये पण खाली कमेंटमध्ये सगळे करत होते. “परवा बाहेर पाणी प्यायलो, त्यानेच झाली.” नाही हो. व्हायरस पोटात गेल्यापासून आजार दिसायला २ ते १० आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालायन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने चक्क पेशंटच्या शौचाचा अर्क स्वतः पिऊन पाहिला (हिपॅटायटिस ए ची प्रतिकारशक्ती त्याच्याकडे आधीच होती म्हणून धाडस केलं, तरी किळस ती किळसच), तो आजारी पडला साधारण पाच आठवड्यांनी, आणि त्याच्याच शौचात मायक्रोस्कोपखाली हा व्हायरस सापडला. म्हणून आज डोळे पिवळे झाले तर मागच्या महिन्या-दीड महिन्याचं पाणी आठवा. आणि पाइप दुरुस्त झाल्यावरही महिना-दोन महिने नवीन पेशंट येत राहतात, तेव्हा “दुरुस्त केलं म्हणता आणि अजून कावीळ कशी” म्हणून भांडायच्या आधी हे लक्षात घ्या.

हे सगळं पाण्याचं असताना मेसेज भीती कुठे नेऊन ठेवतो बघा, तर पेशंटच्या अंगावर. हात लावल्याने, शेजारी बसल्याने, बोलल्याने ई पसरत नाही. माणसाकडून माणसाला तो कमीच जातो, ए पेक्षा कमी. व्हायरस शौचातून जातो, त्रास सुरू व्हायच्या काही दिवस आधीपासून ते नंतर साधारण तीन-चार आठवडे, तेव्हा खरी काळजी संडासानंतर साबणाने हात धुण्याची आणि त्या काळात पेशंटने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक न करण्याची. आणि साबणच बरं का, अल्कोहोलचा सॅनिटायझर या व्हायरसवर भरवशाचा नाही. बाकी त्या माणसाला खोलीत कोंडून ताट दारातून सरकवायचं आणि घरातले सगळे त्याच नळाचं न उकळलेलं पाणी पिणार, ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

लसीचं पटकन. लहानपणी किंवा नोकरीत लागताना जी “हिपॅटायटिसची लस” घेतली ती बहुतेक बी ची, काहींची ए ची. दोन्हींचा ई शी संबंध नाही, नावात हिपॅटायटिस आहे एवढंच. ई ची वेगळी लस आहे, चीनमध्ये २०११ मध्ये तिला परवानगी मिळाली, तीन डोस, आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊच्या छावणीत साथ रोखायला पहिल्यांदा वापरली गेली. पण बहुतेक देशांत ती मिळत नाही. तेव्हा “माझी झालीय” म्हणणाऱ्याने कार्ड काढून बघावं कुठली झालीय.

आता टेस्ट. इथे मी जरा लांबणार आहे, माझा विषय आहे.

“डोळे पिवळे दिसले की समजायचं.” काय समजायचं? रक्ताची नळी फिरवून काढल्यावर वर जे सिरम येतं ते एरवी फिकट पिवळसर असतं, कावीळवाल्याचं गडद, कधी कधी तपकिरीकडे झुकलेलं. ती नळी उजेडात धरून मला एवढंच सांगता येतं की बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं ते पिवळं द्रव्य, वाढलंय. ए, बी, ई, पित्ताच्या नळीत अडकलेला खडा, एखाद्या औषधाने लिव्हरला झालेली इजा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, सगळ्यांची नळी सारखीच दिसते. माझं कामच ते आहे आणि मला रंगावरून कळत नाही, तर मोबाइलच्या टॉर्चने डोळे बघून कोणाला कसं कळणार. शिवाय बिलिरुबिन रिपोर्टवर साधारण २-३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेल्याशिवाय डोळ्यांत दिसतही नाही, त्याआधी चार-आठ दिवस ताप, मळमळ, जेवणाचा वास नकोसा होणं, लघवी गडद होणं हे चालू असतं. लहान मुलांत तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

ई साठी रक्तात आयजीएम अँटिबॉडी बघतात. ही टेस्ट ज्या पद्धतीने करतात त्या एलायझाच्या प्लेटला ९६ बारके खड्डे असतात, प्रत्येकात एकेकाचं सिरम, पॉझिटिव्ह असेल तिथे निळा रंग चढतो आणि शेवटचं ॲसिड टाकलं की तो निळा झटकन पिवळा होतो, मग मशीन त्याचा आकडा देते. आयजीएम म्हणजे हल्लीचं इन्फेक्शन, नुसतं आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलेलं. आयजीएम काही महिने रक्तात राहतं आणि कधीमधी चुकीचं पॉझिटिव्हही येतं, म्हणून शंका असेल तिथे रक्तातून किंवा शौचातून व्हायरसचा आरएनए शोधणारी पीसीआर करतात. किडनी वगैरे बसवलेली आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत अशांच्यात तर अँटिबॉडी तयारच होत नाहीत कधी कधी, तिथे पीसीआरच लागते.

आणि एक गोष्ट जी काउंटरवर दर आठवड्याला होते. रिपोर्टवर “एचबीएसएजी निगेटिव्ह” बघून माणूस आनंदाने म्हणतो, “चला, हिपॅटायटिस नाही.” अहो ती फक्त बी ची टेस्ट आहे! ई ची कोणी लिहूनच दिली नव्हती.

“औषध नाही तर टेस्ट कशाला” हा प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण ई सापडला की तीन गोष्टी होतात. उगाचची अँटिबायोटिक्स थांबतात. त्या वस्तीत कुठलं पाणी बिघडलंय हे शोधायला सुरुवात होते, एकाच भागातले चार रिपोर्ट आले की ते दिसतं, न केलेल्या टेस्टमधून काहीच दिसत नाही. आणि तिसरी, कोणावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं ते कळतं. बाकी औषध अजिबात नाही असंही नाही, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्यात हा आजार महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो आणि तिथे रिबाव्हिरिन हे व्हायरसवरचं औषध वापरतात. तो रेंगाळणारा प्रकार बहुतेक या व्हायरसच्या जीनोटाइप ३ या उपप्रकाराचा, जो डुकराच्या नीट न शिजलेल्या मांसातूनही येतो.

आता ते खरं वाक्य. “आपोआप जाते.” हो, बहुतेकांची जाते, दोन ते सहा आठवड्यांत, आराम आणि पोटात जाईल ते साधं खाणं यावर. पण “बहुतेकांची” हा शब्द मेसेजमध्ये नाही आणि त्याच्या पुढचं वाक्य तर सरळ घातक आहे, गरोदर बाईला वेगळा धोका नाही म्हणे. तिलाच तर आहे! शेवटच्या तीन महिन्यांत ई झालेल्या शंभरातल्या २० ते २५ बायका दगावू शकतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, माझा नाही. बाळही जाऊ शकतं. १९७८ ची काश्मीरमधली साथ अभ्यासणाऱ्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी हेच नोंदवलं होतं की गरोदर बायकांच्यात लिव्हर फेल होण्याचं प्रमाण भलतंच जास्त आहे. एवढी जुनी आणि पक्की गोष्ट आहे आणि मेसेज लिहिणारा एका ओळीत पुसून टाकतो. ज्यांचं लिव्हर आधीच खराब आहे त्यांचंही तसंच, त्यांना “साधी” कावीळ परवडत नाही.

यात एक फसवणूक रिपोर्टच करतो, ती सांगते. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी मोडल्या की रक्तात येणारं एन्झाइम, हजारात गेलेलं असतं, घरचे रोज तोच आकडा विचारतात, आणि तो २२०० वरून ४०० वर आला की पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. बऱ्याचदा ते खरंच चांगलं असतं. पण एसजीपीटी खाली येतंय, बिलिरुबिन मात्र वर चाललंय आणि आयएनआर वाढतोय, तर ते सुधारणं नाही, मोडायला लिव्हरच्या पेशीच कमी उरल्यात म्हणून आकडा कमी आलाय. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, तो लिव्हर काम करतंय की नाही हे सांगतो. अशा रिपोर्टला आम्ही फोन उचलून डॉक्टरांना कळवतो, प्रिंटची वाट बघत नाही. घरी बघायचं म्हणजे पेशंट दिवसा झोपतोय आणि रात्री जागा, बोलण्यात गोंधळ, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, तर त्याच दिवशी दवाखान्यात. गरोदर असेल तर इतकं व्हायची वाटसुद्धा बघायची नाही, कावीळ दिसली त्याच दिवशी.

राहिलं झाडपाल्याचं औषध. सुजलेल्या लिव्हरला काय घातलंय ते माहीत नसलेलं काहीही पचवायला लावणं हा जुगार आहे, काही पाल्यांनी लिव्हरला स्वतःच इजा होते, आणि मग आधीची कावीळ कुठे संपली आणि औषधाची कुठे सुरू झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं तर मेसेज टाकणाऱ्या काकांचा रिप्लाय आला, “ताई, तुमचं पुस्तकी ज्ञान ठीक आहे, पण माझी स्वतःची तीन दिवसांत उतरली, त्याच औषधाने.” मी विचारलं, काका, डोळे पिवळे झाल्यावर किती दिवसांनी घेतलं होतं औषध?

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, “चौथ्या आठवड्यात.”