किती फूट झालं?

सांगलीत राहून बुद्धिबळ येत नाही म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून एकही अभंग येत नाही म्हणण्यासारखं आहे, लोक तोंडावर काही बोलत नाहीत पण बघतात. बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव हे, नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद घेतलेल्या भाग्यश्री साठे म्हणजे आताच्या ठिपसे, स्वाती घाटे, ही सगळी नावं इथली. आणि मी विश्रामबागेत आख्खं आयुष्य काढून घोडा अडीच घरं चालतो एवढ्याच भांडवलावर सेहेचाळीस वर्षांचा झालो.

तर झालं असं की दिवाळीत तिसरीतल्या भाच्यानं मला चौदा चालीत मात केली. सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि हातात चकली धरून. वर म्हणतो कसा, मामा तुम्ही आधी टॅक्टिक्सची कोडी सोडवा, मग खेळू. त्याच रात्री पांघरुणात तोंड घालून त्या कोड्यांचं, म्हणजे पट मांडून दिलेला असतो आणि नेमकी चाल आपण शोधायची, असं एक फुकटातलं ॲप डाउनलोड केलं.

ॲपनं गेल्या गेल्या १५०० रेटिंग, म्हणजे तुमची ताकद सांगणारा आकडा, हातावर ठेवलं. मला वाटलं माझा चेहरा बघून दिलं, नंतर कळलं सगळ्यांनाच देतात. आठवड्यात ते ११४० वर आलं. ह्यातली गंमत म्हणजे कोड्यालाही रेटिंग असतं, म्हणजे तुम्ही आणि कोडं अशी मॅचच असते, तुम्ही चुकलात की तुमचे पॉइंट जातात आणि कोड्याचं रेटिंग वाढतं. आज सांगतो, कितीतरी गरीब घरची कोडी माझ्यामुळं मोठी झाली.

हे चढउतार बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आमच्याकडं पावसाळ्यात गुड मॉर्निंगच्या जागी "आयर्विनला किती फूट झालं?" असं विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. तर आमची ही चहा ठेवताना विचारायला लागली, "अहो, आज किती फूट झालं?" फरक एवढाच की नदी वाढली की गाव घाबरतं, माझं वाढलं की कुणाचा विश्वास बसत नाही.

माझा रोग काय होता तर हात. कोडं आलं की डोक्याच्या आधी अंगठा धावायचा. शह दिसला दे, वजीर दिसला मार, हत्ती फुकट दिसतोय घे. हत्ती फुकट नसतोच कधी, हे भाजी मंडईत कळतं मला, पटावर कळत नाही. सगळे जाणकार सांगतात की आधी शह बघा, मग मारामारी, मग धमक्या, ह्याच क्रमानं बघायचं. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. वही कपाटात होती.

एक कोडं तर मला तोंडपाठ आहे, इतकं ते जिव्हारी लागलंय. काळा राजा कोपऱ्यात एच एटवर (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अक्षरं, आडव्यांना एक ते आठ आकडे, त्यावरनं घराचं नाव), त्याच्यासमोर त्याचीच दोन प्यादी, शेजारी एफ एटवर त्याचाच हत्ती. म्हणजे राजा स्वतःच्याच माणसांत अडकलेला, लग्नाच्या हॉलमधल्या नवऱ्या मुलासारखा. माझा वजीर सी फोरवर, घोडा एच सिक्सवर, आणि त्या घोड्यावर प्याद्याचा डोळा. मी म्हटलं घोडा मरतोय की आपला, आधी तो वाचवू, आणि वाचवता वाचवता एफ सेव्हनवरनं शह पण देऊ, केवढी हुशारी! लाल फुली. उत्तर काय, तर वजीर थेट जी एटवर, राजाच्या मांडीवर नेऊन बसवायचा. राजाला तो खाता येत नाही कारण मागं घोड्याचा जोर आहे, म्हणून हत्तीला खावा लागतो, हत्ती तिथं आला की राजाचं शेवटचं दार बंद, आणि मग घोडा एफ सेव्हनवर, मात. वजीर फुकट द्यायचा! चितळे भाकरवडीचा पुडा फोडताना तीन वेळा विचार करणाऱ्या माणसाला हे सुचणार कसं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या नानांना गाठलं. रिटायर्ड मनुष्य, हयात पट मांडण्यात गेली. मी मोबाइल दाखवला तर मोबाइलकडं बघितलंच नाही, माझ्या अंगठ्याकडं बघितलं. "हात बुडाखाली घाल," म्हणाले.
"म्हणजे ओ?"
"म्हणजे बस हातावर. पूर्ण चाल तोंडानं म्हण, त्याची उत्तराची चाल म्हण, शेवटपर्यंत जा, मग हात काढ. आणि रोज नवी नवी खाऊ नको, जुनीच शंभर घे आणि परत परत सोडव."

जुनीच कोडी परत कशाला, असं मला वाटलं, पण त्यात तथ्य आहे. १९७३ साली चेस आणि सायमन ह्या दोन संशोधकांनी (आडनावच चेस, नशीब लागतं) पट पाच सेकंद दाखवून झाकायचा असा प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पट्टीच्या खेळाडूनं बरीचशी परत मांडली, पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तर त्याची अवस्था जवळपास आपल्यासारखीच. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जगावेगळी नसते, ओळखीचे आकार डोक्यात भरपूर साठलेले असतात. आपल्याला हळदीचं पोतं बघून माल कळत नाही, मार्केट यार्डातल्या माणसाला कळतो, तसंच.

मग मी हातावर बसायला लागलो. आता हातावर बसल्यावर मोबाइल धरणार कोण? बायकोनं तो डायनिंग टेबलावर भडंगाच्या डब्याला टेकवून दिला आणि समोर बसून लसूण सोलायला लागली. मी चाली म्हणायचो. तिला घोडा आणि उंट ह्यातला फरक मान बघून कळतो एवढंच, पण सवय अशी की कुठलीही गोष्ट सांगितली की तिचा प्रश्न ठरलेला, "मग तो काय म्हणाला?" ऑफिसचं सांगा, जावेचं सांगा, मग तो काय म्हणाला. इथंही तेच.
"मी हत्ती मारतो."
"मग तो काय करणार?"
"तो... आयला, तो वजीर मारणार."
एवढ्या एका प्रश्नावर दोन महिन्यात मी ११४० वरनं १४७० वर आलो. पूर्वी मिनिटात चार कोडी उडवायचो, आता एकाला दहा दहा मिनिटं लागतात, लसूण संपतो पण कोडं संपत नाही, घरात सगळ्या भाज्या लसणाच्या झाल्यात.

परवा रात्री १४९३ होतं. सात पॉइंट, एक कोडं. आणि समोर आलं तेच कोडं! राजा कोपऱ्यात, दोन प्यादी, शेजारी हत्ती. मी हातावर बसूनच ओरडलो, "वजीर जी एट!"
तिचा लसूण थांबला. "वजीर द्यायचा? फुकट?"
"हो."
"मग तो काय करणार?"
"हत्तीनं खाणार, दुसरं काही करताच येत नाही त्याला."
"मग?"
"मग घोडा एफ सेव्हन. खलास."
ती म्हणाली, "मग करा की."

वीस मिनिटं दाबून ठेवलेला हात बाहेर काढला, तर त्याला मुंग्या आलेल्या. बोट माझं आहे का दुसऱ्याचं कळेना. वजीर धरला, तिरका ओढत ओढत डी फाइव्ह, ई सिक्स, एफ सेव्हनपर्यंत आणला, आणि जी एट एक घर लांब असताना तो सुटला.

काळ्या हत्तीनं माझा वजीर खाल्ला. लाल फुली.

बायकोनं पुढची पाकळी सोलायला घेतली. "किती फूट उतरलं?"