मध उकळला म्हणून काय झालं?

परवा रात्री अडीचला बाळ उठलं. दुपटं बदललं, बाळाला बायकोच्या कुशीत दिलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर मधाची बाटली होती. शेजारी पालथ्या वाटीखाली झाकलेला एक इवलासा चमचा. चमचा उकळून घेतलेला असणार, कारण वाटीला आतून पाण्याचे थेंब होते. आईने सकाळची तयारी करून ठेवली होती. आमचं बाळ त्या रात्री 23 दिवसांचं होतं.

या तयारीचं मूळ दुपारीच घरच्या ग्रुपवर येऊन पडलं होतं. आत्याने पाठवलेला फॉरवर्ड: 'बाळ-बाळंतिणीसाठी सात नियम, जे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत'. खाली सतरा नमस्कार आणि फुलं. मी तो भाजी चिरता चिरता वाचला आणि 'असू दे' म्हणून सोडून दिला. ती माझी चूक. घरात कोणीतरी ते खरं मानून चमचा उकळणार आहे, हे लक्षातच आलं नाही.

नियम पहिला: बाळाला रोज बोटभर मध चाटवा. पोट साफ राहतं, वाचा चांगली होते. मध उकळून घेतला की त्यातले जंतू मरतात, मग कसलीच भीती नाही.

बाकी सहा नियम एकीकडे आणि हा एकीकडे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली रूपं, असू शकतात. प्रत्येक बाटलीत असतात असं नाही, पण असले तर डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत, आणि मध घरचा, रानातला, शुद्ध असला म्हणून टळत नाहीत. मोठ्या माणसाच्या पोटात ते गेले तरी सहसा काही होत नाही, कारण आपल्या आतड्यांत आधीच वस्ती करून बसलेले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती झालेली नसते. तिथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. ते विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोपच अडवतं.

सुरुवात बऱ्याचदा बद्धकोष्ठतेने होते. म्हणजे ज्या 'पोट साफ'साठी मध चाटवायचा, तेच आधी बंद! मग रडणं बारीक होतं, दूध ओढायची ताकद जाते, पापण्या मिटू लागतात, मान लुळी पडते. विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं तर बाळाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. तान्ह्या मुलांमधला हा आजार 1976 साली कॅलिफोर्नियात वेगळा ओळखला गेला आणि त्याचा मधाशी असलेला संबंध त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढे आला. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, ही सूचना तेव्हापासूनची आहे. तेव्हा 'डॉक्टर सांगणार नाहीत' हे काही खरं नाही. डॉक्टर जवळजवळ पन्नास वर्षं घसा कोरडा करून हेच सांगताहेत.

आता ते उकळणं. या फॉरवर्डमधलं सर्वात घातक वाक्य हेच, कारण ते शहाणपणाचं वाटतं. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती घातलेलं चिलखत. पाण्याच्या 100 अंशांच्या उकळीला ते दाद देत नाही. त्याला दाबाखाली 121 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. डबाबंद अन्नाचे कारखाने तेच करतात. घरच्या पातेल्यात मध तापवून फक्त गरम मध मिळतो.

'आम्ही सगळ्यांना चाटवला, कोण मेलं?' हे आईने विचारलंच. कोणी नाही, खरं आहे. हा आजार विरळाच आहे. पण ज्या घरी तो झाला, तिथलं कोणी असे फॉरवर्ड पाठवत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. आणि मिळवायचं काय होतं? वाचेचा मधाशी काडीचाही संबंध नाही. मी अडीच वाजता बाटली फिरवून पाहिली, तर आमच्याच बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय: एक वर्षाखालील बालकांना देऊ नये. विकणारा स्वतः नको म्हणतोय, आणि आपण ग्रुपवर फुलं वाहतोय.

ज्यांनी आधीच चाटवलाय त्यांनी घाबरून जाऊ नका. आता थांबवा, बाळावर लक्ष ठेवा, आणि वर लिहिलेल्यापैकी काही दिसलं तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.

दुसरा नियम, 'उकाड्यात बाळाला दोन-चार चमचे पाणी पाजा'. आईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, पाणीसुद्धा नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी जातं. पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. डब्यातली पावडर देत असाल तर तीही पुरवावी म्हणून पातळ करू नका, कारण तेच आहे.

तिसरा वाचून मात्र मी हसलो. आईने थंड खाल्लं तर दूध थंड होतं आणि बाळाला सर्दी होते म्हणे. बाई काय फ्रीज आहे? दूध अंगाच्या तापमानाचंच येतं. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते बाळाला बघायला येणारे पाहुणे आणतात. त्यांना हात धुवायला सांगणारा नियम सातांत कुठेच नाही.

चौथा, लसूण बंद. पण 1991 साली मेनेला आणि बोशां या दोन संशोधकांनी आयांना लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं. दुधाचा वास बदलला, आणि बाळं उलट जास्त वेळ अंगावर राहिली. एखाद्या पदार्थाने आपल्याच बाळाला दरवेळी त्रास होतोय असं दिसलं, तर तेवढा काढून बघा. सरसकट सगळं बंद करून बाळंतिणीला उपाशी ठेवू नका. दूध तयार करायला तिला रोज सुमारे 500 कॅलरी जास्तच लागतात.

पाचवा, दूध पातळ दिसलं की वरचं दूध सुरू करा. सुरुवातीचं दूध पातळच दिसतं, पाजता पाजता स्निग्धांश वाढत जातो. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शंका असेल तर वजनकाटा आहे. सहावा, बाळाच्या वरच्या अन्नात मीठ-साखर घालण्याचा, त्याला आमच्याकडे अजून पाच महिने आहेत. वर्षाच्या आत दोन्ही नको, एवढं पुरे.

आणि सातवा, 'बाळंतिणीला ताजं, गरम जेवण आणि भरपूर विश्रांती द्या'. हे बरोबर आहे. मान्य करायला जिवावर येतंय, पण बरोबर आहे. फक्त ते जेवण करायचं कोणी, हे लिहिताना लेखकाची शाई संपली असावी. गेले तीन आठवडे मी करतोय. पहिल्या आठवड्यात दोनदा भात लागला, आता लागत नाही.

आत्या, तुमच्यावर राग नाही. तुम्ही काळजीने पाठवलंत. आईला सकाळी बाटलीवरची अक्षरं भिंग देऊन वाचायला लावली. तिने दोनदा वाचली, काही बोलली नाही, चमचा उचलून मोठ्या चमच्यांत ठेवून दिला. मध आम्ही मोठी माणसं खातोय. बायकोलाही चालतो, तिच्या खाण्यातून बीजाणू दुधात उतरत नाहीत. आणि आज संध्याकाळच्या भाजीत लसूण आहे, चांगला मूठभर.